अडतं कुठे, ते शोधण्याचं गणित

तेलात मिथेनॉल आणि लायपेझ नावाचं एन्झाइम घालून ढवळत राहिलं की तेलाचं बायोडिझेल होतं आणि तळाशी ग्लिसरीन बसतं. रसायनशास्त्राचा विद्यार्थी हे एका ओळीच्या समीकरणात लिहून मोकळा होतो. पण ज्याला पिंपभर तेल घेऊन खरोखर कामाला बसायचं आहे, त्याचे प्रश्न निराळे असतात. हे व्हायला आठ तास लागतील की तीस? मिथेनॉल एकदम ओतायचा की थोडा थोडा? एवढं महागाचं एन्झाइम किती घालायचं, आणि पुढच्या खेपेला ते तितकंच काम करेल का? या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: क्रियेचा वेग. तो समीकरणात कसा मांडायचा, आणि मांडलेलं समीकरण खरं की खोटं हे कसं तपासायचं, हा या पुस्तकाचा विषय.

या विषयावरच्या बऱ्याच लेखनात समीकरणाचा वक्र मोजलेल्या बिंदूंवरून किती छान जातो हे दाखवण्यावर भर असतो. माझा भर दुसरीकडे आहे. वेगाचं समीकरण हाती असलं की क्रिया नेमकी कुठे अडली आहे ते शोधता येतं, आणि त्यासाठीच ते मांडायचं. एन्झाइम कमी पडतंय, मिथेनॉल जास्त झालाय, की ढवळणं अपुरं आहे? या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत आणि खर्चही वेगवेगळा.

उदाहरणादाखल मी भिवंडीतली नारपोली डोळ्यांसमोर ठेवली आहे. अंजूरफाट्याच्या अलीकडे-पलीकडे यंत्रमाग, सायझिंगचे कारखाने, गोदामं, आणि त्यांच्यासाठी ये-जा करणारे ट्रक-टेम्पो. पाळ्यांमध्ये राबणाऱ्या कामगारांसाठी खानावळी, वडापावच्या गाड्या, फरसाणवाले. म्हणजे एकाच वस्तीत तळणीचं जळकं तेल निघतं आणि डिझेलही जळतं. हे तेल कुठे जातं, हा प्रश्न मला आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा वाटतो. एका कढईतून निघालेलं काळं तेल स्वस्तात विकलं जाऊन दुसऱ्या, अधिक गरीब गिऱ्हाइकाच्या कढईत पडणं, हे थांबायला हवं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून वारंवार तापवण्याने तेलात वाढणाऱ्या एकूण ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याची ‘रुको’ योजना आणली. २०१८ च्याच राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट आहे. धोरण कागदावर स्वच्छ आहे. पिंपात आलेलं तेल मात्र तसं नसतं.

कढईत काय होतं ते जरा जवळून पाहू. तेल १७० ते १८० अंशांवर असतं. वड्यांचा घाणा सोडला की बटाट्यातलं आणि पिठातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. तो चर्र आवाज त्या वाफेचा. जाता जाता त्यातलं थोडं पाणी तेलाच्या रेणूलाही तोडतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला लागलेली तीन मेदाम्लं. पाण्याने त्यातलं एखादं सुटं केलं की ते मुक्त मेदाम्ल म्हणून तेलातच राहतं. हवेतला ऑक्सिजन दुसऱ्या बाजूने साखळ्यांवर हल्ला करतो, काही रेणू एकमेकांना चिकटतात, तेल दाट होतं, कढईच्या कडेला फेस धरतो. दिवसाअखेर हे सगळं एकत्र पिंपात जातं, आणि त्यात कालचं, परवाचं, शेजारच्या गाडीवरचं, पामचं, सोयाबीनचं, सरकीचंही तेल असतं.

अशा तेलाचं पहिलं मोजमाप अगदी साधं आहे. पाच ग्रॅम तेल घ्यायचं, आधी उदासीन करून घेतलेल्या गरम अल्कोहोलमध्ये हलवायचं, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल पोटॅशियम हायड्रॉक्साइड सोडत जायचं. ताज्या रिफाइंड तेलाला काही थेंबांतच गुलाबी छटा येते. तळणीच्या तेलाला, समजा, ३.६ मिलिलिटर लागले. मग आम्लांक (दर ग्रॅम तेलाला लागलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) सुमारे ४, म्हणजे मुक्त मेदाम्लं साधारण २ टक्के. तेल फार काळं असेल तर ही गुलाबी छटा दिसतच नाही. तेव्हा तेल कमी घ्यावं, अल्कोहोल वाढवावं, आणि पांढऱ्या कागदावर फ्लास्क धरून पाहावं. हे किरकोळ वाटेल, पण पुढचं सगळं गणित या एका आकड्यावर उभं राहतं.

२ टक्के हा आकडा छोटा दिसतो. नेहमीच्या पद्धतीत सोडियम हायड्रॉक्साइड हा उत्प्रेरक वापरतात. ६० अंशांच्या आसपास तासाभरात काम होतं आणि तो स्वस्तही असतो. पण एक टन तेलात २ टक्के म्हणजे २० किलो मुक्त मेदाम्लं. ती जवळपास ३ किलो सोडियम हायड्रॉक्साइड गिळतात आणि वीसएक किलो साबण होतो. साबण झाला की बायोडिझेल आणि ग्लिसरीन वेगळं होत नाही, धुण्याच्या पाण्यात फेसच फेस होतो आणि माल त्यात अडकून वाया जातो. म्हणूनच अल्कलीच्या पद्धतीला अर्धा-एक टक्क्याच्या आतलं तेल लागतं. लायपेझला हा त्रास नाही. ते तेलातली जोडलेली मेदाम्लंही उचलतं आणि सुटी झालेलीही, आणि दोन्हींचं मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, करतं, तेही ३५ ते ४५ अंशांवर. मात्र वेळ घेतं, आणि स्वस्त नसतं. जिथे वेळ आणि एन्झाइम दोन्ही महाग आहेत, तिथे वेगाचं गणित टाळून चालत नाही.

भिवंडीला एन्झाइम नवं नाही, हेही इथे सांगायला हवं. मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला सायझिंगमध्ये स्टार्चची खळ देतात. विणलेलं ग्रे कापड प्रोसेस हाउसला गेलं की रंगाईआधी ती खळ काढावी लागते, आणि ते काम अमायलेझ करतं. खळ निघाली की नाही हे पाहायला कापडावर आयोडीनचा थेंब टाकतात. निळा डाग उमटला तर स्टार्च शिल्लक आहे. तिथला जाणता कारागीर पाणी किती गरम हवं, किती वेळ ठेवायचं, कुठल्या तापमानाला एन्झाइम मरतं हे हाताच्या अनुभवाने ओळखतो. त्याने समीकरण लिहिलेलं नसतं, पण वेगाचं ज्ञान त्याच्याकडे असतं. हे पुस्तक अशा माणसालाही वाचता यावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आता मूळ क्रिया. लायपेझच्या रेणूत क्रिया जिथे घडते त्या खोबणीत सेरीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टच्या ‘बी’ लायपेझमध्ये ते १०५ व्या जागी आहे. तेलाचा रेणू तिथे येतो, त्याचं एक मेदाम्ल सेरीनला चिकटतं, उरलेला भाग निघून जातो. मग मिथेनॉल येतो, चिकटलेलं मेदाम्ल उचलतो आणि मिथाइल एस्टर होऊन बाहेर पडतो. खोबणी पुन्हा रिकामी. मागावरचा धोटा जसा एकदा या पेटीत आणि एकदा त्या पेटीत असतो, दोन्हींत एकाच वेळी कधी नसतो, तसं एन्झाइम दोन रूपांत आळीपाळीने वावरतं: रिकामं आणि मेदाम्ल धरलेलं. क्लेलँडने १९६३ मध्ये अशा यंत्रणांना नावं दिली तेव्हा हिला ‘पिंग-पाँग’ म्हटलं. तेलाच्या एका रेणूसाठी हा फेरा तीनदा होतो, आणि तिन्ही फेऱ्यांचे वेग सारखे नसतात. मधल्या पायऱ्यांवर अडकलेले डायग्लिसराइड, मोनोग्लिसराइड इंधनात राहिले तर इंजिनाला त्रास देतात. म्हणून नुसतं ‘तेल संपलं’ एवढं पाहून भागत नाही.

वेगाचं समीकरण पहिल्यांदा पक्क्या पायावर उभं केलं ते लिओनोर मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी, १९१३ मध्ये, बर्लिनला. त्यांचं एन्झाइम होतं उसाची साखर फोडणारं इन्व्हर्टेझ. त्यांच्याआधी व्हिक्टर आंरी यांनी १९०३ मध्ये जवळपास तसंच समीकरण लिहिलं होतं. मायकेलिस-मेंटेन यांची खरी भर मला मोजण्याच्या शिस्तीत दिसते. त्यांनी द्रावणाची आम्लता बांधून ठेवली, आणि क्रियेचा सुरुवातीचा वेग तेवढा घेतला, कारण पुढे उत्पादन साठून वेगात ढवळाढवळ करतं. तळणीच्या तेलावर काम करणाऱ्याने ही दोन पथ्यं पाळली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

दुसरं नाव जे. बी. एस. हाल्डेन यांचं. ब्रिग्ज आणि हाल्डेन यांनी १९२५ मध्ये त्याच समीकरणाला अधिक व्यापक आधार दिला, आणि एन्झाइमवरच्या १९३० च्या ग्रंथात हाल्डेन यांनी कच्चा माल प्रमाणाबाहेर वाढला की वेग उलट का घसरतो हे मांडलं. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. बायोडिझेलमध्ये मिथेनॉलचं जे होतं ते बरंचसं त्यांच्या समीकरणाच्या आकाराचं आहे. मिथेनॉल हवाच, पण तो रिकाम्या खोबणीत आधीच जाऊन बसला तर तेलाला जागा उरत नाही. हाच अवरोध.

हे आकड्यांत पाहू. पुढचे स्थिरांक केवळ समजण्यासाठी धरले आहेत. मिथेनॉलचा मायकेलिस स्थिरांक (अवरोध नसता वेग कमाल क्षमतेच्या निम्मा होईल ते प्रमाण) लिटरला ०.२ मोल, अवरोधाचा स्थिरांक १.८ मोल. साध्या हाल्डेन रूपात सर्वांत जास्त वेग या दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी मिळतो, म्हणजे ०.६ मोलला, आणि तो कमाल क्षमतेच्या ६० टक्के असतो. आता एक किलो तेलाला लागणारा सगळा मिथेनॉल, सुमारे ११० ग्रॅम, एकदम ओतला तर प्रमाण जवळपास ३ मोलवर जातं आणि वेग ३७ टक्क्यांवर येतो. कागदावर हे परवडण्यासारखं वाटतं: थोडं हळू होईल, पण होईल.

प्रत्यक्षात होत नाही. तेलात मिथेनॉल पूर्ण विरघळतच नाही. न विरघळलेले थेंब एन्झाइमभोवतीचं आवश्यक पाणी ओढून घेतात, एन्झाइमची घडण विस्कटते आणि ते कायमचं निकामी होतं. जपानमध्ये युजी शिमाडा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की गरजेच्या निम्म्याहून जास्त मिथेनॉल एकदम घातला तर घन आधारावर बसवलेलं लायपेझ परत उठत नाही. तोच मिथेनॉल तीन हप्त्यांत, दर वेळी एक तृतीयांश घातला तर ९५ टक्क्यांहून अधिक तेलाचं रूपांतर होतं, आणि तेच एन्झाइम पन्नास खेपा चालतं.

अडणं आणि मरणं यांतला हा फरक या पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा धडा आहे असं मी मानतो. अवरोध परतवता येतो: मिथेनॉल कमी केला की वेग परत येतो. निकामी होणं परतवता येत नाही. त्यासाठी समीकरणात काळाबरोबर एन्झाइम घटत जाण्याचं वेगळं पद लागतं. ज्यांनी ही दोन्ही एकाच स्थिरांकात कोंबली, त्यांचा वक्र पहिल्या खेपेला सुरेख जुळतो आणि तिसऱ्या खेपेला कोसळतो. शहानिशा सोपी आहे. एन्झाइम गाळून काढा, ताज्या तेलात आणि मोजक्या मिथेनॉलमध्ये परत टाका, आणि सुरुवातीचा वेग पाहा. परत आला तर ते अडलं होतं. नाही आला तर मेलं होतं.

आंतरपृष्ठाची, म्हणजे तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या पृष्ठभागाची, गोष्ट याहून अवघड आहे. द्रवरूप लायपेझ पाण्यात विरघळतं, आणि त्याचं खाद्य असतं तेलात. दोघांची गाठ पडते फक्त पाण्याच्या थेंबाच्या पृष्ठभागावर. सार्दा आणि देन्युएल यांनी १९५८ मध्ये दाखवलं की स्वादुपिंडाचं लायपेझ विरघळलेल्या रेणूंवर जवळजवळ स्वस्थ असतं आणि वेगळा थर तयार होताच जोमाने कामाला लागतं. पुढे १९९०-९१ च्या सुमारास काही लायपेझांच्या स्फटिकांचा अभ्यास झाला तेव्हा खोबणीवर एक झाकण असल्याचं आणि तेलाच्या सान्निध्यात ते उघडत असल्याचं दिसलं. आता हिशेब करा. एक लिटर मिश्रणात ५ टक्के पाणी आहे आणि थेंब १०० मायक्रोमीटर व्यासाचे आहेत, तर पृष्ठभाग ३ चौरस मीटर भरतो. जोरात ढवळून थेंब ५० मायक्रोमीटरचे केले की तोच ६ चौरस मीटर. एन्झाइम तेच, तेल तेच, मिथेनॉल तेवढाच. तरी वेग दुपटीच्या जवळ जाऊ शकतो, पृष्ठभाग भरून टाकण्याइतकं एन्झाइम असेल तर. मग प्रयोगशाळेतल्या अर्ध्या लिटरच्या फ्लास्कवर काढलेला ‘एन्झाइमचा स्थिरांक’ नारपोलीतल्या पाचशे लिटरच्या टाकीला कसा लागू पडेल? त्या स्थिरांकात ढवळणाऱ्या पंख्याचा आकार आणि फेरेही लपलेले असतात.

हा प्रश्न सोडवण्याची एक मोठी परंपरा कशेळीची खाडी ओलांडून थोडं दक्षिणेला गेलं की भेटते. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. जुनी माणसं तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. केंब्रिजला डँकवर्ट्स यांच्याकडे काम करून आलेल्या प्रा. मनमोहन शर्मा यांनी तिथे दोन न मिसळणाऱ्या माध्यमांतल्या क्रियांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालेल इतका पक्का रुजवला. त्यांच्या पद्धतीतली एक युक्ती मला फार आवडते: जिचा खरा वेग आधीच ठाऊक आहे अशी क्रिया टाकीत चालवायची आणि मिळालेल्या वेगावरून दोन माध्यमांमधल्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायचं. म्हणजे क्रियाच मोजपट्टी होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे एल. के. दोराईस्वामी आणि शर्मा यांचा १९८४ चा द्विखंडी ग्रंथ या विषयात जगभर वापरला गेला. त्याच माटुंग्यात प्रा. गणपती यादव यांच्या गटाने लायपेझच्या अनेक क्रियांचे वेग मोजून पिंग-पाँगसारखी समीकरणं तपासली, आणि प्रा. वीरेंद्र राठोड यांच्या गटाने वापरलेल्या खाद्यतेलावर श्राव्यातीत ध्वनीच्या मदतीने, मिथेनॉलऐवजी डायमिथाइल कार्बोनेट घेऊनही काम केलं. त्यांच्या निबंधांत सुरुवातीला ढवळण्याच्या वेगाचा परिणाम तपासलेला असतो. विद्यार्थी ते पान उलटून पुढे जातात. तसं करू नये. ढवळणं वाढवूनही वेग बदलत नाही हे दिसल्याशिवाय रासायनिक स्थिरांक काढण्याला अर्थ नाही. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातून २०१४ मध्ये आलेल्या द्रवरूप लायपेझच्या प्रारूपात तेल, पाण्याचा थर आणि मधला पृष्ठभाग असे तीन कप्पे वेगळे धरले आहेत; मोठ्या टाकीसाठी मला तोच मार्ग योग्य वाटतो.

पाण्याचं पद तेवढंच नाजूक आहे. पाणी नसेल तर द्रव लायपेझ काम करत नाही, जास्त झालं तर तेल तुटून मुक्त मेदाम्लं वाढतात आणि शेवटी इंधनात दोन-तीन टक्के शिल्लक राहतात. ती नंतर वेगळी काढावी लागतात. या उलट्या वाटा समीकरणातून वगळल्या तर शेवटचे आकडे हमखास चुकतात.

स्थिरांक जुळवण्याबद्दल एक कळकळीची सूचना. बारा बिंदू आणि आठ स्थिरांक असले की संगणक कोणतंही समीकरण बसवून देतो. त्यातले दोन स्थिरांक एकमेकांची चूक झाकत असतात आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. म्हणून या पुस्तकातल्या प्रत्येक प्रारूपाला मी एकच कसोटी लावली आहे: जुळवणीत न वापरलेल्या खेपेचं भाकीत. वेगळा आम्लांक, वेगळा मिथेनॉलचा हप्ता, वेगळं ढवळणं घेऊन आधी आकडा लिहून ठेवायचा आणि मग प्रयोग करायचा. भाकीत चुकलं तर त्या चुकीच्या दिशेवरूनच क्रिया कुठे अडते याचा माग लागतो. आपल्याकडच्या तळणीच्या तेलांवर असं मोजलेलं, खेपवार नोंदलेलं फार थोडं उपलब्ध आहे. हे काम भिवंडीतल्या, मालेगावातल्या, इचलकरंजीतल्या महाविद्यालयांत होऊ शकतं. त्याला ब्युरेट, तराजू, तापमान राखणारी शेगडी आणि संयम लागतो. एस्टरचं प्रमाण मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, पण जवळच्या मोठ्या प्रयोगशाळेत ठरावीक नमुने पाठवून ती गरज भागवता येते.

वाचनासाठी बारावीचं रसायन आणि साधं कलन पुरे आहे. ज्यांना गणिताची धास्ती आहे त्यांनी तिसरं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल. ढवळण्याचं आणि निकामी होण्याचं प्रकरण मात्र सोडू नये.

आणि प्रयोगाआधीची एक अट. मिथेनॉल विषारी आहे. श्वासातून आणि कातडीतूनही तो शरीरात जातो, आणि डोळ्यांची दृष्टी घालवू शकतो. त्याचा फ्लॅश पॉइंट सुमारे ११ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने त्याच्या वाफेला एक ठिणगी पुरते. सूत, कापड आणि पुठ्ठ्याने भरलेल्या गोदामांच्या वस्तीत त्याचा कॅनसुद्धा उघडू नये. हे प्रयोग प्रयोगशाळेतच, वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हुडखाली, हातमोजे घालून आणि शिक्षकांच्या देखरेखीत करावेत. वहीत प्रत्येक खेपेला तेल कुठल्या कढईचं, किती दिवसांचं, आम्लांक किती, पाणी किती, पंख्याचे फेरे किती, मिथेनॉल कितव्या मिनिटाला किती घातला, हे सगळं लिहावं. पहिलं प्रकरण आम्लांकाच्या टायट्रेशनपासून सुरू होतं.